खणातल्या अक्षता

हे सगळं १९९९ सालातलं. साल चुकायचं काही कारण नाही, कारण त्याच वर्षीच्या मे महिन्यात माझे यजमान नाना हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले आणि त्याच वर्षीच्या दिवाळीआधी अभिमनभाऊंच्या हातून धुळ्याचं दुकान गेलं. नानांच्या निवृत्तीत माझा काही भाग नव्हता. दुकान मात्र मी घालवलं. पंचवीस वर्षांत हे मी दोनच माणसांजवळ बोलले आहे.

आम्ही तेव्हा जळगावला राहत होतो. मी घरातून आमच्या समाजाचं वधू-वर मंडळ चालवायची. आधी वह्या होत्या, मग फायली झाल्या, मग नानांच्या ओळखीनं बैठकीत एक मोठा कॉम्प्युटर आला आणि चारशे मुलामुलींची माहिती त्यात भरली. ती भरून घेतली अभिमनभाऊंनी. शहरात पितांबरशेठचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, तिथे ते कामाला होते. वय चाळिशीचं. मूळचे शिंदखेड्याचे, बौद्ध घरातले. आधी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचे आणि मग कॉम्प्युटर स्वतःच उघडून उघडून शिकले. त्यांची बायको मंजुळाबाई धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. ती आणि मुलगी धुळ्यात, हे जळगावात एका खोलीत. दर रविवारी पारोळ्यावरून जाणारी एसटी पकडायची आणि सोमवारी सकाळी परत यायचं. असं सात वर्षं चाललं होतं.

त्या वर्षी पितांबरशेठ धुळ्यात दुसरं दुकान काढणार होते. ते दुकान अभिमनभाऊंच्या हाती द्यायचं त्यांच्या मनात होतं, पण शेठचा साळाही मागे लागला होता. निवृत्त झाल्यावरही संस्थेत नानांचाच शब्द चालायचा. एकदा आमच्याच बैठकीत शेठ म्हणाले, "नाना, तुमच्या संस्थेच्या शाळांना आठ कॉम्प्युटर लागणार. तुम्ही ज्याच्या कामावर खूश, त्याला मी धुळ्याला बसवतो. मग साळा रुसला तरी चालेल, बायकोची समजूत मी काढीन."

नाना हसले. अभिमनभाऊ टेबलाखाली वाकून वायर बसवत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचा हात थांबलेला मी पाहिला.

पावसाळ्यात माझ्या दिराचा मुलगा अमेरिकेहून आला आणि जाताना आपला जुना लॅपटॉप मला देऊन गेला. "काकू, मेळाव्याला घेऊन जात जा," म्हणाला. मला कोण आनंद झाला! दिवाळीनंतर फैजपूरला आमचा मोठा मेळावा ठरला होता. तिथे हे पेटीसारखं यंत्र मांडीवर घेऊन बसायचं, फोनची वायर लावायची आणि अमेरिकेतल्या मुलांची पत्रं ई-मेलनं जागच्या जागी वाचून दाखवायची, असं मी मनात रंगवलं. दोन-चार जणींना सांगूनही टाकलं.

अभिमनभाऊंनी यंत्र उघडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अक्का, म्हातारी आहे हो ही. याची फ्लॉपी चालत नाही. आत मोडेम नाही. नेटवर्क नाही. मोठ्या कॉम्प्युटरमधली माहिती यात आणायची कशी?"

"मग?"

"कडेला हा एक खण आहे बघा. यात पत्त्यासारखं कार्ड बसतं. एक नेटवर्कचं कार्ड आणायचं, त्यानं तुमची चारशे पोरं इकडे आणायची. मग ते काढून मोडेमचं कार्ड घालायचं, त्यानं ई-मेल. खण एक, कार्डं दोन. आळीपाळीनं नांदतील."

"मग आणा की. दुकानात मिळत असतील."

"तीच तर गंमत आहे. दुकानात मिळतात ती नवी. त्यांच्या डोक्यावर सोनेरी पट्टी असते. ती या जुन्या खणात जात नाहीत. जबरदस्ती केली तर आतल्या सुया वाकतात. अडुसष्ट सुया आहेत, केसासारख्या. एक मोडली की खण गेला." मग हसून म्हणाले, "तुमच्याच धंद्यातलं काम आहे, अक्का. नवरी जुन्या वळणाची, स्थळं सगळी नवी. पत्रिका जुळवायला वेळ लागेल."

वेळ लागलाच. जळगावात त्यांनी तीन कार्डं आणून पाहिली. दोनांवर सोनेरी पट्टी होती. ती त्यांनी खणाजवळही नेली नाहीत, नुसती दाखवून परत केली. तिसरं जुनं होतं, पण त्याची शेपटी हरवली होती. कार्डाच्या टोकाला एक बोटभर वायर लागते, तिच्याशिवाय ते मुकं. शेपटी शोधायला अभिमनभाऊ धुळ्यात फिरले. आठवड्यातून एक दिवस बायको-मुलीला भेटायला मिळायचा, त्यातले दोन-तीन रविवार त्यांनी माझ्या यंत्रापायी घालवले. देवपुरातल्या एका वकिलाकडे अगदी याच जातीचा लॅपटॉप बंद पडलेला होता, त्याचं मोडेम कार्ड त्यांनी मागून आणलं. नेटवर्क कार्डाची शेपटी शेवटी आग्रा रोडवरच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात असल्याचं कळलं. तिथल्या माणसानं सांगितलं, दसऱ्यानंतर या, गठ्ठ्यातून काढून ठेवतो.

"अक्का, दसरा होऊ द्या," अभिमनभाऊ म्हणाले. "सोनं लुटा, मग मी तुमचं सोनं घेऊन येतो."

ते आले की मी चहा द्यायची. आमच्याच कपात द्यायची. त्यांचा कप वेगळा ठेवत नाही, हे मी बाकीच्या बायकांना मोठ्या तोऱ्यात सांगत असे. आता वाटतं, ते सांगावंसं वाटत होतं यातच सगळं आलं.

दसऱ्याच्या सकाळी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. विळा, कोयता, शिलाई मशीन, तराजू, नानांचं पेन, स्कूटर. मोठ्या कॉम्प्युटरला मी दरवर्षी झेंडूची माळ घालायची. त्या वर्षी नाना आधीच म्हणाले होते, "त्या लॅपटॉपला हळदकुंकू लावू नको. परदेशातली वस्तू आहे आणि नाजूक आहे. काही अडाणीपणा करू नको."

अडाणी हा शब्द मला फार लागायचा. नाना एम.ए. झालेले, मी सातवी पास होऊन या घरात आले. मंडळ चालवून, चार जिल्ह्यांत नाव करूनही तो शब्द त्यांच्या तोंडात तयार असायचा. 

नाना शेजाऱ्यांना सोनं द्यायला बाहेर पडले आणि मी देवघरातलं ताम्हन घेऊन बैठकीत आले. सगळ्या वस्तूंना गंध लागलं होतं आणि हे एकच यंत्र कोरडं होतं. मला ते बघवेना. झाकणाला बोट टेकवून बारीकसं कुंकू लावलं. लगेच पुसता येईल असं. तेवढ्यावर थांबले असते तर आज हे लिहीत बसले नसते.

पण माझी नजर त्या कडेच्या खणावर गेली. छोटंसं दार होतं त्याला, आत ढकललं की उघडायचं. दोन दिवसांत तिथे नवी वस्तू येऊन बसणार होती. आणि आमच्याकडे कुठलीही वस्तू उघड्या जागेवर बसवत नाहीत. श्रावणात कानबाई बसवतो तेव्हा कलशाखाली आधी तांदूळ लागतात. घट बसवताना लागतात. नवी सून येते तेव्हा उंबऱ्यावर माप ठेवतो त्यातही धान्य असतं. रिकाम्या जागी काही बसवायचं म्हणजे माझ्या अंगावर काटा यायचा. मी ताम्हनातले पाच दाणे घेतले, कुंकवात भिजलेल्या, तुपाचा हात लागलेल्या अक्षता, आणि दार ढकलून आत टाकल्या. हात जोडले. बिचाऱ्याच्या हाताला यश येऊ दे, असंही म्हटलं. अभिमनभाऊंसाठीच म्हटलं.

मग भानावर आले. यंत्र उचलून तिरकं केलं, हलवलं. तीन दाणे बाहेर आले. आणखी हलवलं. बोटाला पदर गुंडाळून आत घालून पाहिलं. दोन काही आले नाहीत. तेवढ्यात फाटकाचा आवाज झाला. मी झाकणावरचं कुंकू पुसलं, यंत्र जागेवर ठेवलं आणि मनाशी म्हटलं, पडले असतील कुठेतरी जमिनीवर. जमीन झाडून पाहिली नाही. झाडली असती तर नाहीत हे कळलं असतं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी अभिमनभाऊ आले. सोबत पितांबरशेठही आले होते. आठ कॉम्प्युटरची बोलणी पक्की करायची होती आणि धुळ्याचंही त्याच दिवशी ठरणार होतं. अभिमनभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पिशवीतून दोन्ही कार्डं काढून त्यांनी टेबलावर रुमाल पसरून त्यावर ठेवली.

"जमलं का लग्न?" नानांनी विचारलं.

"जमलं नाना. दोन्हीकडची पसंती आहे. आज अक्षता टाकायच्या."

त्यांनी गमतीनंच म्हटलं होतं.  मी तेव्हाच बोलायला हवं होतं. 'थांबा, आत बघा' एवढे तीन शब्द. मी पुढे होऊन चहाचे कप ठेवले.

अभिमनभाऊंनी कार्ड खणात सरकवलं. ते अर्ध्याहून जास्त आत गेलं आणि अडलं. त्यांनी बाहेर काढून पाहिलं, फुंकर मारली, पुन्हा घातलं. पुन्हा अडलं. जुन्या यंत्रात थोडा दाब द्यावाच लागतो, ते त्यांनी आधी सांगितलं होतं. त्यांनी अंगठ्यानं दाब दिला. हरभऱ्याचा दाणा दाताखाली फुटावा तसा आवाज आला.

 अभिमनभाऊंनी हळूच कार्ड काढलं, खिशातली बॅटरी पेटवून खणात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पिशवीतून बारीक चिमटा काढला आणि आत घालून काहीतरी ओढलं. ते त्यांच्या तळहातावर आलं. त्यांची पाठ नानांकडे आणि शेठकडे होती, तोंड माझ्याकडे. तळहातावर अर्धा लाल तांदूळ होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अक्का," ते हळू आवाजात म्हणाले, "यात काही पडलं होतं का?"

"नाही," मी म्हटलं. "कोणी हातच लावला नाही त्याला."

इतक्या चटकन म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. नाना तिथे होते, शेठ होते. नवऱ्यानं नको म्हटलेलं केलं आणि ते परक्या पुरुषांसमोर निघालं, एवढंच डोक्यात होतं. आता नाना अडाणी म्हणतील, हेच.

अभिमनभाऊंनी मूठ मिटली आणि ती हळूच पँटच्या खिशात नेली.

"काय झालं रे?" शेठनं विचारलं.

"सुया वाकल्या शेठ. दोन मोडल्या."

"मोडल्या? अरे, तूच सांगत फिरत होतास ना, नवं कार्ड जुन्यात घालू नका म्हणून? आणि तूच कोंबलंस?"

"जुनंच कार्ड आहे हे. याच्यावर पट्टी नाही. बघा ना."

"मला काय बघायचं? अडलं होतं की नाही? अडल्यावर माणसानं थांबायला हवं की नाही?"

"हवं होतं," अभिमनभाऊ म्हणाले.

"दोन महिने फिरलास तू या डबड्यापायी. आणि शेवटी हे!"

शेठ नानांकडे वळले. "नाना, मी शब्द दिला होता. तुम्ही म्हणाल तसं. धुळ्याला कोण?"

नानांनी चष्मा काढून पुसला. नाना वाईट नव्हते. त्यांना खरोखर वाटलं तेच त्यांनी सांगितलं.

"माणूस मेहनती आहे," ते म्हणाले. "पण हात जड आहे. एकट्यावर दुकान सोडावं असं मला नाही वाटत."

मी ट्रे हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. अभिमनभाऊंनी रुमालावरचं दुसरं कार्ड उचललं, रुमालात गुंडाळलं. "हे वकीलसाहेबांना परत द्यायचंय," एवढंच म्हणाले. चहा तसाच राहिला. जाताना नेहमीसारखं "येतो अक्का" म्हणाले. मी मान हलवली.

धुळ्याचं दुकान शेठच्या साळ्याला मिळालं. महिन्याभरात अभिमनभाऊंनी नोकरी सोडली. कुणी म्हणालं सोडायला लावली. फैजपूरचा मेळावा वह्यांवरच झाला आणि छान झाला. ई-मेलचं कुणाला आठवलंही नाही. मी ज्या बायकांना सांगितलं होतं त्यांनीसुद्धा विचारलं नाही. एका माणसाची नोकरी ज्यासाठी गेली, त्याची कुणाला गरजच नव्हती.

पुढच्या फेब्रुवारीत धुळ्यात एका साखरपुड्याला गेले होते. तिथून पत्ता विचारत दवाखान्याच्या क्वार्टरवर गेले. मंजुळाबाई ड्युटीवरून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर बसायला सांगितलं, पाणी दिलं. अभिमनभाऊ घरी नव्हते, शिंदखेड्याला गेले होते. मी पदरानं तोंड पुसत सगळं सांगितलं. पूजा, पाच दाणे, तीन दाणे, सगळं. मला वाटलं होतं, त्यांना धक्का बसेल.

"बठ्ठं माहीत शे माले," त्या अहिराणीत म्हणाल्या. "त्याच रविवारी यासनी सांगं. तो तांदूळ दखाडा." म्हणजे नवऱ्यानं त्यांना तेव्हाच सगळं सांगून तो तांदूळही दाखवला होता.

"मग ते बोलले का नाहीत? मी नाही म्हटलं तरी त्यांनी शेठला दाखवायचा होता."

मंजुळाबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मग त्या शुद्ध मराठीत बोलू लागल्या, दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तशा.

"कुणासमोर दाखवायचा? दसऱ्याच्या पूजेनं यंत्र मोडलं, असं आमच्या माणसानं तुमच्या बैठकीत उभं राहून म्हणायचं? आणि घरची बाई नाही म्हणते आहे. तांदूळ यानंच टाकला, तुमच्या देवाधर्माला नावं ठेवायला टाकला, असं कुणी म्हटलं असतं तर? मशीन राहिली असती बाजूला. ते म्हणाले, नोकरी गेली तर दुसरी मिळेल."

"मिळाली का?"

"नाही मिळाली अजून."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग उठून भाताच्या तयारीला लागल्या. तांदूळ धुताना पाठमोऱ्या म्हणाल्या, "अक्का, हाई माले सांगीसन काय उपयोग? ज्यासले सांगानं शे त्यासले सांगा. शेठले सांगा, तुमना मालकले सांगा. आमले काबरं सांगतस?"

एसटीत पारोळ्यापर्यंत मी ठरवत आले की घरी गेल्या गेल्या सांगायचं. आणि सांगितलंही. नाना जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. मला वाटलं, आता तो शब्द येणार. तो आला नाही. ते म्हणाले, "झालं ते झालं. शेठचा साळा तिकडे बसला आता. हे बाहेर कुठे बोलू नको. माझा शब्दही खोटा पडेल आणि तुझंही हसं होईल."

मी "बरं" म्हटलं. खरं सांगते, मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. पुरुषानं गप्प बस म्हटलं म्हणून मी गप्प बसले, असं मी स्वतःला पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिले. पण शेठचं दुकान आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं आणि नाना काही दिवसभर माझ्यावर पहारा देत नव्हते.

पितांबरशेठनी २००५ साली कॉम्प्युटरचं दुकान बंद केलं. नंतर त्यांच्या मुलानं तिथे मोबाईलचं काढलं. धुळ्याचं दुकान साळ्यानं दोन वर्षंही चालवलं नाही. शेठ कोरोनात गेले.

नाना २०११ साली गेले. शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाले, "त्या माणसाचा हात जड नव्हता गं." मी "नव्हता" म्हटलं. 

लॅपटॉप बरीच वर्षं कपाटावर होता. पुतण्या पुढच्या वेळी आला तेव्हा त्यानं त्याची आठवणही काढली नाही. घर विकलं तेव्हा भंगारवाल्यानं नेला.

मंडळ मी २००८ साली बंद केलं. मुलं आपली आपण जुळवू लागली होती. मी आता मुलीकडे नाशिकला असते. वय ब्याऐंशी आहे.

मंजुळाबाईंची बदली पिंपळनेरला झाली आणि त्यांना तिथे क्वार्टर मिळालं. अभिमनभाऊ त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी तिथे टीव्ही, मिक्सर, पंखे दुरुस्त करायची टपरी टाकली. कॉम्प्युटरला त्यांनी पुन्हा हात लावला नाही, असं शिंदखेड्याच्या एका ओळखीच्यानं मला सांगितलं. का लावला नाही, ते त्याला माहीत नव्हतं. त्यांची मुलगी शिकून शासकीय तंत्रशाळेत शिकवते. मंजुळाबाई निवृत्त झाल्यावर तिघंही धुळ्याला आले. देवपुरात घर बांधलं आहे. अभिमनभाऊंना दोन्ही डोळ्यांनी आता कमी दिसतं.

त्यांचा फोन नंबर त्या ओळखीच्यानं मला लिहून दिला, त्याला सहा वर्षं झाली. मी अजून फोन केलेला नाही.